चेहरे राहिले, नावे चालली

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, विजेचे खांब मोडले, घरांची कौले व पत्रे उडवले आणि अनेक शाळांची छपरेही नेली. पाठोपाठ पावसाळा आला. उघड्या पडलेल्या वर्गखोल्यांत दप्तरे भिजली, कपाटे फुगली. शासनाने पंचनामे केले, बागायतदारांची झाडे मोजली, पडलेल्या भिंतींची मापे घेतली. परंतु पंचनाम्याच्या कागदावर जिला रकानाच नसतो अशी एक वस्तू या शाळांच्या भिंतींवर होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत घड्याळ आणि भारताचा नकाशा यांच्यामध्ये टांगलेली जुनी समूहछायाचित्रे, ही ती वस्तू. झाडाची भरपाई मिळते, भिंत पुन्हा उभी राहते. भिजून काचेला चिकटलेल्या आणि बुरशीने खाल्लेल्या छायाचित्राची मात्र भरपाई कोणी देऊ शकत नाही.

अशी छायाचित्रे तशी सर्वांच्या ओळखीची असतात. मधल्या खुर्चीवर हेडमास्तर, त्यांच्या दोन्ही अंगांना पगडी, फेटा किंवा काळी टोपी घातलेले शिक्षक, मागे बाकावर उभी केलेली मोठी मुले आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली धाकटी. बहुतेकांचे पाय अनवाणी. एखाद्याच्या हातात पाटी आणि पाटीवर खडूने लिहिलेली इयत्ता व साल. कधी दिपोटी तपासणीसाठी आले म्हणून, कधी व्हर्नाक्युलर फायनलला बसणाऱ्या मुलांच्या निरोपासाठी, तर कधी बदली झालेल्या मास्तरांच्या सन्मानार्थ ते काढलेले असते. छायाचित्रकार तालुक्याच्या गावाहून किंवा थेट मुंबईहून बोलवायचा, त्याने तिकाटण्यावर कॅमेरा मांडून डोक्यावर काळे कापड घ्यायचे आणि चाळीस मुलांनी श्वास रोखून समोर पाहायचे, असा तो सोहळा असे. म्हणूनच त्या चित्रांत कोणी हसताना दिसत नाही.

मुंबईत छायाचित्रकलेची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीयही त्या कलेत पुढे होते. पण समुद्राच्या अलीकडे राहणाऱ्या आगरी, कोळी, भंडारी, माळी किंवा भिक्षुकी करणाऱ्या कुटुंबाच्या घरात कॅमेरा यायला त्यानंतर शंभर वर्षे जावी लागली. घरात लग्न निघाले तरी छायाचित्र निघेलच असे नव्हते. अशा काळात सामान्य घरातील मुलाच्या बालपणाची एकमेव प्रतिमा शाळेनेच काढून ठेवलेली असे. धनवंताचे तैलचित्र दिवाणखान्यात लागते, नेत्यांची छबी ग्रंथांत छापली जाते. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख किंवा पेण तालुक्यातील गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे यांची छायाचित्रे शोधण्यास कष्ट पडत नाहीत. त्यांच्याच पिढीत जन्मून शेतात, होडीवर, मिठागरात किंवा गिरणीत आयुष्य काढणाऱ्या माणसांचे चेहरे शोधायचे, तर शाळेच्या भिंतीकडेच जावे लागते.

याच किनाऱ्याच्या स्मृतीतील एक प्रसंग या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने घेतली. सणासाठी घरी निघालेल्या चाकरमान्यांचा त्यांत मोठा भरणा होता. स्वातंत्र्याला महिना उरला असताना या किनाऱ्यावरच्या गावागावांत सुतक आले. त्या मृतांपैकी किती जणांचे एखादे तरी छायाचित्र घरी असेल? ज्यांचे नव्हते त्यांचा चेहरा आज कोठे उरला असेल, तर तो गावच्या शाळेतील एखाद्या धूसर समूहचित्रातच असण्याचा संभव आहे. तो कोणत्या रांगेत, कितवा, हे सांगणारे कोणी उरले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

ही चित्रे आजवर दुर्लक्षित का राहिली याचेही कारण आहे. या जिल्ह्याचा कारभार अनेक हातांतून गेला. आंग्रे यांचे कुलाबा संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केले, १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला, मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हा प्रदेश १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात राहिला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. संस्थानच्या शाळा, लोकल बोर्डाच्या शाळा, स्कूल बोर्डाच्या शाळा आणि खासगी शिक्षण संस्थांची हायस्कुले अशी ही गुंतागुंत आहे. प्रत्येक हस्तांतरात जनरल रजिस्टर जपले गेले, कारण त्यावर दाखले अवलंबून असतात. जमिनीचे कागद जपले गेले, कारण त्यावर मालकी अवलंबून असते. भिंतीवरची चौकट मात्र कोणाच्याच जडसंग्रहात गंभीरपणे नोंदली गेली नाही. तिच्यावर कोणाचा हक्क नव्हता, त्यामुळे तिची जबाबदारीही कोणावर नव्हती.

त्यात आता आणखी एक संकट आले आहे. मुंबई, पनवेल आणि नवी मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतराने कोकणातील शाळांचा पट वर्षानुवर्षे घसरत आहे. २०२३ साली कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार राज्य शासनाने मांडला, तेव्हा विसाहून कमी विद्यार्थी असलेल्या सुमारे १५ हजार शाळांची चर्चा राज्यभर झाली. तो विचार योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु जी शाळा आज किंवा उद्या बंद होईल, तिचे रजिस्टर शेजारच्या शाळेत जाईल, बाके आणि फळे वाटले जातील आणि छायाचित्रांच्या चौकटी भंगारात जातील, हे सांगायला ज्योतिषी नको. जो वादळाने वाचला तो ठेवा अशा शांत मार्गानेही नाहीसा होऊ शकतो. त्याशिवाय खारा वारा, वाळवी, कसर आणि दर वर्षीचे चार महिने दमट हवा ही मंडळी आपापले काम करीतच असतात. २००५ आणि २०२१ सालच्या जुलैमधील महापुरांनी महाड परिसरात कागदपत्रांचा किती संहार केला, हे तेथील घराघरांत ठाऊक आहे.

या छायाचित्रांच्या डिजिटल प्रती करून त्या सर्वांसाठी खुल्या कराव्यात आणि त्यांची प्रदर्शने भरवावीत, हा विचार म्हणूनच स्वागतार्ह आहे. काही शाळा शताब्दीच्या वा शतकोत्तर सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने असे प्रयत्न करतातही. त्यांचे कौतुक करतानाच एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. यंत्राने प्रत काढली की काम संपले, अशी जी समजूत रूढ होऊ पाहत आहे, ती घातक आहे. चांगला स्कॅनर आज सामान्य शाळेच्याही आवाक्यात आहे. एका दिवसात शंभर छायाचित्रांच्या उत्तम प्रती निघतात. पण यंत्राला चेहरा दिसतो, नाव दिसत नाही. चेहऱ्यावरून चेहरा जुळवणारी संगणकीय साधने आली असली तरी पहिल्यांदा कोणीतरी माणसानेच ‘हा अमक्याचा मुलगा’ असे सांगावे लागते. चाळीस अनोळखी मुलांचे सुस्पष्ट चित्र सजावटीला शोभा देईल; गावाचा इतिहास त्यातून फारसा कळणार नाही.

नाव सांगणारी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत. १९५५ साली चौथीत असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. १९४० सालच्या चित्रातील मुलांपैकी फार थोडे हयात असतील. त्यांना ओळखणारी धाकटी भावंडे तेवढी कोठेकोठे आहेत. छायाचित्राचा कागद नीट जपला तर आणखी पन्नास वर्षे टिकेल. आजीची आठवण पन्नास वर्षे थांबणार नाही. तेव्हा घाई करायची असेल तर ती नावांसाठी केली पाहिजे.

जगात अन्यत्र हे भान आले आहे. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावूत प्रदेशात इन्युइट समाज राहतो. त्या समाजाची सरकारी अधिकाऱ्यांनी आणि प्रवाशांनी काढलेली असंख्य छायाचित्रे राजधानीतील अभिलेखागारात सुरक्षित होती. परंतु त्यांखाली व्यक्तींची नावे नव्हती, नुसते ‘स्थानिक स्त्री’, ‘स्थानिक मुलगा’ असे शेरे होते. या शतकाच्या आरंभी त्या अभिलेखागाराने इन्युइट तरुणांच्या एका शिक्षणसंस्थेच्या साहाय्याने नावे शोधण्याचा उपक्रम हाती घेतला. चित्रांच्या डिजिटल प्रती संगणकावर घेऊन तरुण विद्यार्थी आपापल्या वस्त्यांतील वृद्धांकडे गेले. वृद्धांनी आपले आईबाप, भावंडे, शेजारी ओळखले. पुढे हजारो व्यक्तींना त्यांची नावे परत मिळाली. आणखी एक गोष्ट घडली. आजोबा आणि नातू एका पडद्यासमोर तासन्‌तास बोलत बसले. सरकारी दप्तरात कोठेही नसलेला इतिहास त्या बोलण्यातून बाहेर आला.

नोंदीचे मोल कशात असते याचा एक दाखला तर अलिबागच्या दारातच आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय निरीक्षणे १९०४ साली अलिबागला आणण्याचे ठरले आणि तेथील चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिची जननी असलेल्या मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८५९ साली सप्टेंबरच्या आरंभी एक मोठे सौर वादळ नोंदले गेले होते. त्या वेळी ती केवळ आकड्यांची ओळ होती. २००३ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी अभ्यासून त्या वादळाची तीव्रता जगापुढे मांडली. मधल्या १४४ वर्षांत त्या कागदाचे मोल का टिकले? तर प्रत्येक आकड्यापुढे दिवस आणि वेळ लिहिलेली होती म्हणून. तारीख नसती तर तो कागद रद्दीच ठरला असता. शाळेच्या छायाचित्रालाही हाच न्याय लागू आहे.

तेव्हा हे काम करायचे कसे, याचा थोडा तपशिलात विचार करणे उचित ठरेल. पहिला नियम असा की मूळ छायाचित्र शाळेचे आहे आणि ते शाळेतच राहिले पाहिजे. संशोधनासाठी, प्रदर्शनासाठी किंवा कोणा संग्राहकाच्या आग्रहासाठी ते बाहेर जाऊ देऊ नये. प्रत काढण्याची साधने शाळेत न्यावीत. चित्र काचेला चिकटलेले असेल तर ते ओढून सोडवू नये, कारण जिलेटिनचा थर काचेबरोबर निघून येतो. अशा वेळी काचेसकट तिरक्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे. चौकटीची मागची बाजू आणि पुठ्ठ्याच्या कडाही टिपाव्यात. छायाचित्रकाराचा शिक्का, साल, कोणाच्या हस्ताक्षरातील दोन नावे बहुधा तेथेच सापडतात. मूळ दर्जाची मोठी प्रत बदल न करता ठेवावी आणि दाखवण्यासाठी लहान प्रत वेगळी करावी. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत किनाऱ्यापासून दूर असावी, म्हणजे पुढच्या वादळात सर्व काही एकदम जाणार नाही. फाइलला नाव देताना शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक आणि साल घातले, तर शाळा बंद झाली किंवा विलीन झाली तरी चित्र कोठले हे कळेल.

काही गोष्टी आवर्जून टाळायला हव्यात. जपणुकीच्या भाबड्या समजुतीने जुनी छायाचित्रे लॅमिनेट करण्याची प्रथा आपल्याकडे सर्वत्र आहे. एकदा प्लॅस्टिकमध्ये बंद झालेले चित्र पुन्हा सोडवता येत नाही. दुसरा मोह अलीकडचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने धूसर चेहरे ‘स्पष्ट’ करण्याची आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांत रंग भरण्याची चढाओढ लागली आहे. यंत्र तेथे जे डोळे आणि जे ओठ रेखाटते, ते त्या मुलाचे नसतात. यंत्राने अंदाजाने बसवलेले असतात. स्मृतिग्रंथाच्या मुखपृष्ठावर असे चकचकीत चित्र छापून मूळ चौकट माळ्यावर टाकणे म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या जागी परके चेहरे बसवणे होय. धूसर चेहरा धूसरच राहू द्यावा. त्याला नाव मिळाले तर ते पुरेसे आहे.

नावे गोळा करण्याची रीत साधी आहे. प्रत्येक चेहऱ्याला डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार क्रमांक द्यावा आणि ज्येष्ठांकडे जावे. एकाच्या आठवणीवर विसंबू नये. दोघा-तिघांना वेगवेगळे विचारावे. कोणी नाव सांगितले आणि किती खात्रीने सांगितले, हेही लिहावे. मग शाळेचे जनरल रजिस्टर काढून ताळा पाहावा. त्या साली त्या इयत्तेत कोण होते याची यादी रजिस्टरात असते, चेहरे छायाचित्रात असतात; वर्षानुवर्षे एकाच खोलीत राहिलेली ही दोन साधने कोणी एकत्र ठेवलेली नसतात. ती समोरासमोर आली की निम्मे काम होते.

यात मुलींच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. छायाचित्रात मुली आधीच थोड्या. रजिस्टरात माहेरचे नाव, लग्नानंतर आडनाव वेगळे आणि पूर्वीच्या रीतीप्रमाणे पहिले नावही बदललेले. त्यामुळे शाळेतील ‘यमू’ पुढे कोणत्या गावी कोणत्या नावाने नांदली, हे भावकीतील एखाद्या वृद्ध स्त्रीखेरीज कोणाला सांगता येत नाही. पुरुषांची नावे दुकानाच्या पाटीवर, सातबाऱ्यावर, संस्थेच्या फलकावर उरतात. स्त्रियांची नावे सर्वांत आधी पुसली जातात. शाळेच्या छायाचित्राला नावे लावताना दोन्ही नावे लिहिण्याचा आग्रह धरला, तर गावाच्या इतिहासात अर्ध्या गावाला प्रथमच जागा मिळेल.

त्याचप्रमाणे चित्रात कोण नाही, हेही वाचता आले पाहिजे. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून १९२७ साली याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. स्वतः बाबासाहेबांना बालपणी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले होते. त्या काळातील काही छायाचित्रांत समाजाचा एक भाग दिसणारच नाही. काहींत एखादे मूल रांगेपासून थोडे दूर उभे दिसेल. प्रदर्शन मांडताना असे चित्र बाजूला काढण्याचा किंवा कडा कापून ते ‘नीटनेटके’ करण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. जो समाज आपल्या चुकांचा पुरावाही जपतो, त्याच्याच समरसतेच्या बोलण्याला वजन येते. आणि नंतरच्या दशकांतील चित्रांत तीच मुले शेजारी शेजारी बसलेली दिसली, तर तो बदल ज्यांनी घडवला त्या शिक्षकांचे श्रेयही त्यातूनच सिद्ध होईल.

सर्वांसाठी खुले करणे म्हणजे सर्व काही उघड्यावर मांडणे नव्हे, हा विवेकही बाळगायला हवा. रजिस्टरात जात, जन्मतारीख, पालकांचा व्यवसाय असतो. ताळा पाहण्यासाठी त्याचा उपयोग करावा, प्रदर्शनात तो मजकूर लावू नये. भारतीय कायद्यानुसार छायाचित्रावरील स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो, आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. तेव्हा साठ वर्षांपूर्वीची चित्रे आधी हाती घ्यावीत. त्यानंतरची चित्रे संबंधितांना विचारून खुली करावीत आणि आज शाळेत शिकणाऱ्या मुलांची चित्रे या उपक्रमात आणूच नयेत. एखाद्या कुटुंबाने आपल्या माणसाचे नाव झाकण्याची विनंती केली, तर कारण न विचारता ती मानावी.

प्रदर्शनाचा हेतूही यावरून निश्चित होतो. फीत कापणे, दीपप्रज्वलन, भाषणे आणि दोन दिवसांनी चौकटी उतरवणे, असे प्रदर्शन झाले तर त्यातून फार काही हाती लागत नाही. येथे प्रदर्शन हे नावे मिळवण्याचे साधन आहे. चित्राची मोठी प्रत लावावी, शेजारी प्रत्येक चेहऱ्याची बाह्याकृती आणि क्रमांक असलेला कोरा कागद लावावा, दोरीला पेन्सिल बांधावी. आजच्या आठवी-नववीच्या मुलांना वह्या देऊन बसवावे आणि येणाऱ्या आजी-आजोबांचे बोलणे लिहून घ्यायला सांगावे. मागील वर्षी ज्या चेहऱ्याला नाव नव्हते, त्याला या वर्षी मिळाले, असे सांगणारे प्रदर्शन दर वर्षी भरवता येईल.

त्यासाठी कोकणाने मुहूर्तही स्वतःच ठरवून ठेवला आहे. चाकरमानी गिरगाव-लालबागचा असो की डोंबिवली-बोरिवलीचा, गणपतीला आणि शिमग्याला तो गावी येतोच. गाव वर्षातून दोनदा पूर्ण भरते, आणि नावे ठाऊक असलेली निम्मी मंडळी मुंबईतच राहतात. आरतीनंतरच्या रात्री देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत ही चित्रे लागली, तर जे काम एरवी वर्षभर हिंडून होणार नाही, ते पाच दिवसांत होईल. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी आपल्या वार्षिक सभेत हेच करावे. अनेक छायाचित्रे शाळेत उरलीच नसतील, पण निरोपाच्या वेळी विकत घेतलेली त्यांची एखादी प्रत दादरच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या खाली पडलेली असेल.

मुंबईच्याही पलीकडे पाहावे लागेल. अलिबागची इस्रायल आळी, नवगाव, रेवदंडा येथील बेने इस्रायल कुटुंबे, जी शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवली गेली, ती शतकानुशतके याच मातीत वाढली आणि मराठी शाळांतूनच शिकली. इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांतील बहुतेक तिकडे गेली. मराठी मात्र त्यांनी सोडली नाही, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिकही तेथून निघाले. अलिबाग-रेवदंड्याच्या जुन्या वर्गचित्रांतील काही चेहऱ्यांची नावे आज त्या देशातील एखाद्या वृद्ध मराठी माणसालाच ठाऊक असतील. छायाचित्रे कपाटात कुलूपबंद न ठेवता सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची गरज आहे ती यासाठी.

हे काम कोणी करावे, हा शेवटचा प्रश्न. ‘शासनाने करावे’ हे उत्तर सोपे आहे आणि ते काही अंशी खरेही आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘अभिलेख पटल’द्वारे आपली कागदपत्रे खुली केली, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’द्वारे दुर्मीळ ग्रंथ उपलब्ध केले. जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतील छायाचित्रांची नोंद जडसंग्रहात घेण्याचा एक आदेश काढला आणि बंद होणाऱ्या शाळेच्या हस्तांतर यादीत त्यांना एक ओळ दिली, तरी पुष्कळ साधेल. त्याला खर्च काहीच नाही. परंतु आठवण गोळा करणे हे शासकीय काम होऊ शकत नाही. आधीच सर्वेक्षणे, मतदारयाद्या आणि अहवाल यांत बुडालेल्या शिक्षकावर आणखी एक ओझे टाकणेही न्याय्य नाही. दुसरीकडे, २०१० साली मुंबईत अनुषा यादव यांनी सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ने सामान्य कुटुंबांच्या जुन्या छायाचित्रांतून आणि त्यांच्या कथांतून देशाचा इतिहास कसा उभा राहू शकतो हे दाखवून दिले. शासकीय छत्राची वाट न पाहता असे काम उभे राहते. माजी विद्यार्थी, गावचे वाचनालय, निवृत्त शिक्षक, सुट्टीत घरी आलेले महाविद्यालयीन तरुण आणि समाजकार्यात वेळ देणारे कार्यकर्ते यांनी एक गाव, एक शाळा, एक चौकट इतकेच उद्दिष्ट ठेवले, तरी ते पुरे होण्यासारखे आहे.

आपल्या समाजात पूर्वजांचे स्मरण ही नवी शिकवण नाही. पितृपक्षात तीन पिढ्यांची नावे घेऊन तर्पण केले जाते. नाव घेता आले नाही तर पाणी कोणाला द्यायचे, हा प्रश्न पडतो. ज्या मास्तरांनी आठ-दहा रुपये पगारावर, होडीने खाडी ओलांडून, पावसात गळणाऱ्या खोलीत या किनाऱ्याला अक्षरओळख करून दिली, त्यांची नावे आज त्यांच्याच शाळेत कोणाला सांगता येत नाहीत. ती सांगू शकणारी एखादी आजी अजून गावात आहे. संध्याकाळी ओटीवर बसलेली असते, दृष्टी अधू झालेली असते, पण चित्र मोठे करून समोर धरले तर बोट ठेवून सांगते, ‘हा माझा भाऊ, ही कमळी, आणि हे जोशीमास्तर.’ चौकट पुढच्या वर्षीही भिंतीवरून उतरवता येईल. आजीला विचारायला मात्र याच गणपतीत गेले पाहिजे.